काय खाल्लंस?



इथे आपण वाड्यांच्या, गणपतीच्या आराशीच्या, खंडेराव मार्केटातल्या भाजीच्या आठवणी लिहितो. मीही लिहिल्या आहेत. आजचा विषय मात्र आपल्याकडे चारचौघांत काढत नाहीत. विषय आहे खाज. अंगावर उठणारी, रात्र रात्र झोपू न देणारी आणि कशामुळे येते ते कुणालाच सांगता न आलेली खाज. मला ती नऊ वर्षं आहे. माझ्या मोठ्या काकूला लग्नानंतर दोन-तीन वर्षांत सुरू झाली आणि जवळजवळ शेवटपर्यंत राहिली. आता मागे वळून पाहताना वाटतं, खाजेने तिला छळलं त्याहून जास्त आम्ही घरच्यांनी छळलं. तेही मारून-बोलून नाही. एका साध्या प्रश्नाने. ‘काय खाल्लंस?’

माझं सुरू झालं ते नवरात्र संपून कोजागिरी यायच्या मधल्या दिवसांत. रात्री साडेअकराच्या सुमाराला तळहात खाजायला लागले. मग कंबर, जिथे परकराची नाडी बसते तिथे. मग मांड्या, मग पाठ. दिवा लावून पाहिलं तर लाल, फुगीर, वेड्यावाकड्या काठांच्या गांधी. काही रुपयाएवढ्या, काही एकमेकींना मिळून नकाशासारख्या पसरलेल्या. वाटलं, काहीतरी चावलं. चादर बदलली, गादी झटकली. पहाटे चारला डोळा लागला. सकाळी पाहते तर अंग स्वच्छ, एक डाग नाही. नवऱ्याला दाखवायला काही उरलंच नव्हतं. दुसऱ्या रात्री पुन्हा तेच. तिसऱ्या रात्रीही.

ज्याला हे झालेलं नाही त्याला सांगते. ह्या आजारात पहिला त्रास खाजेचा आणि दुसरा पुराव्याचा. रात्री दोन वाजता तुम्ही ओल्या पंचाने अंग पुसत न्हाणीघरात उभे असता, आणि सकाळी अकरा वाजता डॉक्टरांसमोर बाही वर करता तेव्हा तिथे काही नसतं. ‘दिसत तर काही नाही,’ असं म्हणून ते चष्म्यावरून बघतात. त्या बघण्यात पुढचं सगळं आलं. बाईंचं वय झालंय, मुलगी लग्नाची आहे, झोप नाही, चिंता असेल. मी शाळेत तीस वर्षं शिकवलं. गृहपाठाची वही घरी विसरली म्हणणाऱ्या मुलाकडे मी ज्या नजरेने बघायचे, तीच ही नजर. आपल्यावर आली की कळतं.

आणि घरी प्रश्न एकच. काय खाल्लंस?

वांगं खाल्लं असशील. शेंगदाणे उष्ण पडले. रात्रीचं दही. रविवारी ती सेव-उसळ खाल्लीत ना, तिचा रस्सा. बडोद्यात राहून सेव-उसळीवर आळ येणार नाही असं कसं होईल! मी एकेक सोडत गेले. वांगं सोडलं, शेंगदाणे सोडले, दही, आंबवलेलं, चण्याच्या डाळीचं पीठ, टोमॅटो, हिरवी मिरची. आंब्याच्या दिवसांत आंबा सोडला. दीड वर्षाने माझ्या ताटात मुगाची खिचडी, दुधी आणि तूप एवढंच उरलं होतं. सहा किलो वजन उतरलं. गांधी मात्र खिचडीवरही उठत होत्या. तरी कुणी म्हटलं नाही की खाण्याचा संबंध नसेल. म्हणाले, ‘मुगाची डाळ पॉलिशची असेल.’

इथे मला काकू आठवायला लागली.

आमचा वाडा दांडिया बाजारात. खाली दोन खोल्या, मधे चौक, वर गॅलरी. त्या गॅलरीला लागून शेजारच्या गुजराती मासींची गॅलरी, इतकी जवळ की वाटी इकडून तिकडे देता यायची. काकू कोल्हापूरकडची. आमच्या घरात तिच्या आजाराला ‘पित्त’ म्हणत. ‘आज काकूचं पित्त उठलंय.’ मग आजी आमसुलं भिजवायची. आमसूल खंडेराव मार्केटातही मिळायचं, गुजरात्यांच्या डाळीत ते लागतंच, पण आजीला औषधाला हवं असायचं ते रत्नागिरीहून कुणी आणलेलंच. त्या पाण्याने काकूचं अंग पुसायचं. मासी पलीकडून म्हणायच्या, ‘शीळस नीकळ्युं छे,’ आणि अजमा-गूळ कुटून वाटीत पाठवायच्या. वर सांगायच्या की धाबळी गुंडाळून बसव. मे महिन्यात बडोद्यात धाबळी! काकू तेही करायची. श्रावण वद्य सप्तमीला मासींच्या घरी शीतळा सातम असायची. त्या दिवशी चूल पेटवायची नाही, आदल्या दिवशीचं थंड खायचं. आजीने काकूकडून तेही धरवलं होतं. एका घरात दोन गावांचे, दोन भाषांचे उपाय चालू होते. माया होती त्यात, नाही म्हणत नाही.

एकदा आजीची बहीण कोल्हापूरहून राहायला आली होती. मासींनी गॅलरीतून काळजीने विचारलं, ‘वहुने चळ बहु आवे छे?’ गुजरातीत चळ म्हणजे खाज. आम्हां बडोदेकरांना त्यात काही वाटायचं कारण नव्हतं. पण कोल्हापूरच्या आजींनी ऐकला तो मराठी चळ. त्या परत गेल्या आणि काकूच्या माहेरच्या गल्लीत बातमी पोचली की पोरीला बडोद्यात चळ लागलाय, वेडाचे झटके येतात. काकूचे वडील तातडीने गाडी पकडून आले. किती वर्षं आम्ही हा किस्सा हसून सांगत असू! आता मला त्यात हसण्यासारखं फारसं दिसत नाही. पुढे तिच्याबद्दल जे बोललं गेलं ते ह्याच दोन अर्थांच्या मधलं होतं. अंगाला चळ की डोक्याला चळ, ते कुणी नीट ठरवलंच नाही.

आम्हां मुलांना काकूच्या कातडीची मजा वाटायची. तिच्या हातावर बोटाच्या नखाने काही लिहिलं की पाच-सात मिनिटांत ती अक्षरं फुगून वर यायची. आम्ही आमची नावं लिहायचो. बेरजा लिहायचो. ती हात पुढे करून भाजी निवडत बसायची, ‘पुरे झालं रे,’ म्हणत हसायची. अर्ध्या तासात पाटी कोरी. एकदा माझ्या भावाने ‘श्री’ लिहिला. तो इतका ठसठशीत उमटला की हळदीकुंकवाला आलेल्या एका बाईंनी चक्क हात जोडले. पुढच्याच वर्षी त्या बाईंनी काकूच्या हातून हळद लावून घ्यायची टाळली. काकूच्या मनगटावर तेव्हा गांधी होत्या. ‘वाटीच द्या, मी घेते लावून,’ म्हणाल्या.

हळूहळू काकूचा टॉवेल वेगळा झाला. साबण वेगळा. कुणी ठरवून केलं नाही. कपडे वाळत घालायची दोरीही एक दिवस वेगळी दिसली. हळदीकुंकवाला ती स्वयंपाकघरात असायची, आणि ‘तिला गर्दी सोसत नाही’ असं सांगितलं जायचं.

आणि मी. मी नऊ वर्षांची असेन. काकू माझ्या केसांना तेल लावायची, दर शनिवारी, चौकात पायरीवर बसून. एका शनिवारी तिच्या बोटांवर लाल चकंदळं होती. मी डोकं मागे ओढून घेतलं आणि म्हटलं, ‘नको, तुझं मला लागेल.’ तिचा हात तिथेच थांबला. ती काही बोलली नाही. तेलाची वाटी तिने माझ्या आईकडे दिली. त्यानंतर तिने माझ्या केसांना कधी हात लावला नाही. मी विशीत असताना ती गेली, दुसऱ्याच आजाराने. मी तिची माफी मागितली नाही. तेव्हा माफी मागण्यासारखं काही केलंय असं वाटतच नव्हतं.

ते लागत नाही, मंडळी. हे अंगावरचं पित्त स्पर्शाने, टॉवेलाने, कपड्याने, कशानेही दुसऱ्याला लागत नाही. एवढी एकच गोष्ट कुणी वाड्यात ठामपणे सांगितली असती तर एका बाईचं अर्धं आयुष्य वेगळं गेलं असतं.

मला हे कळलं ते आजार सुरू झाल्यानंतर दोन वर्षांनी, चौथ्या डॉक्टरांकडे. ह्या त्वचेच्या डॉक्टर बाई. त्यांच्याकडे गेले तेव्हाही अंग कोरंच होतं. मी घाईघाईने सांगायला लागले, ‘आता दिसत नाहीये, पण रात्री...’ त्यांनी थांबवलं आणि म्हणाल्या, ‘नसणारच. एकेक गांध चोवीस तासांच्या आत जाते, डाग न ठेवता. हीच तर खूण आहे. मोबाइलमध्ये फोटो आहेत?’ मग एका बोथट काडीने त्यांनी माझ्या हातावर रेघ ओढली. थोड्या वेळाने ती फुगून वर आली. मला तिथे रडू फुटलं. त्यांना वाटलं दुखलं. मला काकूच्या हातावरचा ‘श्री’ दिसत होता.

त्यांनी सांगितलेलं माझ्या शब्दांत लिहिते. मी डॉक्टर नाही, चूकभूल माझी. आपल्या कातडीत मास्ट नावाच्या पेशी असतात. त्यांच्यात हिस्टामिन नावाचं द्रव्य साठवलेलं असतं. एरवी गांधीलमाशी चावली वगैरे तर ते बाहेर पडतं, जागा फुगते आणि खाजते. आमच्यासारख्यांमध्ये त्या पेशी कुणी न चावताच उघडतात. हे सहा आठवड्यांच्या पुढे चाललं की त्याला जुनाट म्हणायचं. अशा जुनाट दुखण्यात बहुतेकांच्या बाबतीत बाहेरचं कारण सापडत नाही. पुष्कळदा शरीराची स्वतःची संरक्षण करणारी यंत्रणाच त्या पेशींना चिथावते. म्हणून थायरॉइड तपासतात, कारण तिथेही असाच घोटाळा असू शकतो. रोज उठणाऱ्या जुनाट पित्तामागे एखादा खाण्याचा पदार्थ असणं फार क्वचित. दाब पडतो तिथे, म्हणजे नाडी, बांगड्या, घड्याळाचा पट्टा, काहींना जास्त उठतं. उकाड्याने वाढतं, संध्याकाळ-रात्री वाढतं, ताणाने वाढतं. वाढतं. पण ताणाने वाढतं म्हणजे मनातून निघतं असं नाही.

आपल्या वैद्यकालाही हे नवीन नाही. माधवनिदानात शीतपित्ताचं स्वतंत्र प्रकरण आहे, आणि गांधीलमाशी चावल्यासारखे फुगवटे असं वर्णन आहे. म्हणजे हजारभर वर्षांपूर्वी कुणीतरी अशीच खाजवणारी माणसं बघितली, नीट न्याहाळली आणि लिहून ठेवली. त्यांनी बघितलं ते आम्ही एका वाड्यात राहून बघितलं नाही.

डॉक्टर बाईंना मी चिडून विचारलं, ‘पण कारण काय?’ त्या म्हणाल्या, ‘तुमच्या आजाराला नाव आहे, उपाय आहे. कारण सापडलेलं नाही. कारण सापडलं नाही म्हणून तुम्हाला आजार नाही असं होत नाही, आणि तो तुम्ही ओढवून घेतला असंही होत नाही.’

माझं आजचं म्हणणं सगळं ह्या वाक्यात आहे. पुढे लिहितेय ते त्याचंच विवरण समजा.

आपण शिकलेली माणसं. ज्या राज्यात सयाजीरावांनी 1906 साली मुलामुलींचं प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं त्या राज्यातली. आपल्या पणज्या लिहू-वाचू शकत होत्या, ह्याचा आपण जाता-येता उल्लेख करतो. पण शिकलेल्या घरात एक खोड असते. आपल्याला कारण लागतं. कारणाशिवाय आपल्याला चैन पडत नाही. खरं कारण सापडलं नाही की आपण ते बनवतो, आणि बनवलेलं कारण नेहमी त्या माणसाच्या गळ्यात जाऊन पडतं. हिने काय खाल्लं, हिचं पथ्य नाही, हिचा स्वभाव चिडका, हिच्या पत्रिकेत अमुक. आणि ‘हा’ नाही, बहुतेक वेळा ‘ही’च. माझ्या एका मामांना पायावर वर्षानुवर्षं इसब होतं. त्यांना कुणी काय खाल्लंस विचारलेलं मला आठवत नाही. त्यांच्यासाठी मामी कडुनिंबाचा पाला उकळायची.

‘काय खाल्लंस’ हा प्रश्न प्रेमाने विचारतात, हे मला मान्य आहे. पण त्याच्या पोटात एक हिशेब असतो. तू काहीतरी केलंस म्हणून हे झालं. म्हणजे आम्ही ते करणार नाही, आम्हाला होणार नाही. विचारणाऱ्याला धीर येतो. ज्याला विचारलं त्याच्या पदरात अपराध पडतो. मी दीड वर्ष खिचडी खाल्ली ती औषध म्हणून नव्हे. मी निर्दोष आहे हे दाखवायला खाल्ली.

काकूला सगळे तिरसट म्हणायचे. मीही म्हटलंय. आता मी स्वतः तशी वर्षं काढल्यावर क्रम उलटा आहे हे समजलं. तिरसट म्हणून खाज नव्हती. रात्र रात्र झोप नाही म्हणून तिरसट होती. पहाटे चारला डोळा लागायचा आणि साडेपाचला नळाला पाणी यायचं. सात माणसांचा चहा तिच्याकडे असायचा. ह्या हिशेबात कोण गोड बोलेल?

आपली भाषाही ह्या दुखण्याला साथ देत नाही. पोट दुखतं म्हटलं की लोक ओवा देतात. डोकं दुखतं म्हटलं की दिवा मालवतात. खाज म्हटलं की हसतात. ‘तुलाच खाज होती’, ‘फुकटची खाज’, ‘कंड जिरवणं’ हे सगळं आपण मस्तीला म्हणतो. त्यामुळे ज्याला खरोखरीची खाज आहे त्याने बोलायचं तरी कुठल्या शब्दात? मी वर्षभर शाळेत ‘स्किनचा प्रॉब्लेम’ म्हणत होते. आज इथे मुद्दाम खाज लिहितेय.

लपवण्याचंही सांगते, कारण लोकांना दोष देऊन मी नामानिराळी राहणार नाही. मुलीचं बघत होतो. पुण्याहून पाहुणे येणार होते. एका नातेवाईकांनी फोन करून सुचवलं, ‘त्या दिवशी पूर्ण बाह्यांचा ब्लाउज घाल. उगाच कोड-बिड वाटायला नको. पुढे मुलीला प्रश्न.’ एप्रिल महिना, बाहेर बेचाळीस. मी घातला. पोहे देता-देता बाहीच्या आत गांधी उठत होत्या आणि मी हसून विचारत होते, ‘प्रवास कसा झाला?’ रात्री मुलगी माझ्या पाठीला थंड पाण्याचा पंचा लावत म्हणाली, ‘आई, तू हे माझ्यासाठी केलंस असं म्हणू नकोस. मी सांगितलं नव्हतं.’ खरं होतं. शिवाय कोड असतं तरी काय? तेही लागत नाही. पण आम्ही सगळे एका भीतीच्या दोरीला बांधलेले, एकाच्या अंगावरचा डाग दुसऱ्याच्या पत्रिकेत मोजणारे.

लग्न जमलं, तिथेच. केळवणाच्या दिवशी मी विहीणबाईंना सगळं सांगून टाकलं. त्या भल्या आहेत. त्यांनी माझा हात हातात घेतला, मायेने पाहिला आणि विचारलं, ‘अगंबाई! काय खाण्यात आलं होतं?’

हसले मी. काय करणार!

आता दोन-चार गोष्टी सरळ लिहिते, कुणाच्या उपयोगी पडल्या तर. रात्री उठेल तेव्हा फोटो काढून ठेवा, डॉक्टरांना तेच दाखवा. मेडिकलच्या काउंटरवरून ट्यूब आणून चोळू नका. बऱ्याच ट्यूबांमध्ये स्टेरॉइड असतं. गजकर्ण असेल तर त्याने तात्पुरतं दबतं आणि मग पसरून बसतं. अशी बरीच मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम सरकारने 2018 साली केला, तरी ती हातात पडतात. घरातल्या दोघा-तिघांना एकदमच रात्री खाज सुटत असेल, बोटांच्या बेचक्यांत बारीक पुरळ असेल, तर ती खरूज असू शकते. ती मात्र लागते, आणि औषध सगळ्या घराने एकदम घ्यावं लागतं. म्हणून खाज म्हणजे सगळी एकच, असं मुळीच नाही. त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

माझ्यासारखं असेल तर हल्लीच्या अॅलर्जीच्या गोळ्या जुन्यांइतकी गुंगी आणत नाहीत. मी त्या अंगावर उठल्यावर घ्यायचे. डॉक्टर बाईंनी रोज घ्यायला लावल्या, उठो न उठो, आणि एकीने भागेना तेव्हा मात्रा वाढवली. ती मात्रा डॉक्टरांनीच वाढवायची, आपण नाही. स्टेरॉइडच्या गोळ्यांनी जादूसारखं थांबतं, म्हणूनच त्यांची सवय वाईट. काहींना दुखणं थांबवायच्या गोळ्यांनी हे पित्त भडकतं, तेही विचारून घ्यावं. गोळ्यांनी ज्यांना बरं वाटत नाही त्यांच्यासाठी महिन्याला घ्यायचं इंजेक्शनही आहे, महाग आहे. ओठ, जीभ सुजली, श्वास लागला तर मात्र आमसूल नको, सरळ दवाखाना. आणि गांध एका जागी दिवसाहून जास्त राहिली, दुखली, काळानिळा डाग ठेवून गेली, तर तेही लगेच दाखवा. ते वेगळं काही असू शकतं.

आमसुलाचं पाणी मी अजून लावते. थंड वाटतं आणि आजी आठवते. त्याच्याकडून तेवढंच मागते.

आज माझं बरं आहे म्हणण्याइतपत आहे. गोळी रोज आहे. महिन्यातून पाच-सहा रात्री अजून न्हाणीघरात जातात. डॉक्टर म्हणतात, पुष्कळांचं काही वर्षांनी आपोआप शांत होतं. माझं होईल तेव्हा होईल. वांगं खायला लागले आहे. भरलेलं.

गेल्या गणपतीत माहेरी गेले होते. वाडा आता निम्मा उरलाय, पण गॅलरी आहे आणि पलीकडे मासी आहेत, ऐंशीच्या पुढच्या. सकाळी दात घासत उभी होते. त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं. दोन गांधी होत्या, रात्रीच्या शिल्लक. त्या काही खाल्लंस का म्हणाल्या नाहीत. त्यांनी विचारलं, ‘ऊंघ आवी?’ झोप लागली का?

आणि मला एकदम आठवलं. लहानपणी रोज सकाळी मी हे दोन शब्द ऐकले होते. मासी गॅलरीतून काकूला हेच विचारायच्या. रोज. आम्हाला ते गुजरात्यांचं ‘केम छो’सारखं काहीतरी वाटायचं. काकू कधी मान डोलवायची, कधी नुसता हात हलवायची, की नाही. आणि थोडा वेळ कठड्याला टेकून उभी राहायची. सात माणसांच्या त्या घरात तिला हे एकाही मराठी माणसाने विचारलेलं मला आठवत नाही. आठवून पाहिलं, खूप आठवून पाहिलं.

तुमच्या घरात असं कुणी असेल. आई असेल, सून असेल, लपवणारा एखादा तरुण मुलगाही असेल. त्याला काय खाल्लंस विचारू नका. तो त्याने स्वतःला हजारदा विचारलाय. त्याचा टॉवेल दोरीवर आपल्यातच घाला, आणि सकाळी चहा देताना विचारा, झोप लागली का?

काकूला मी हे विचारायला हवं होतं. ते राहिलं.